भातामागचे बी

दिवाळीच्या आठवड्यात शिवथरच्या खोऱ्यात भात कापून झालेले असते, नाहीतर कापणीचे शेवटचे दिवस चालू असतात. खाचरात आडवे पडलेले कडपे, खळ्यावर झोडणीचा आवाज आणि धसकटांमधून चालताना टाचेखाली लागणारी ओल. ही ओल फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात इथे पाणी अक्षरशः कोसळते, पण जमीन सह्याद्रीच्या पायथ्याची, उतरती. पाणी पऱ्ह्यांतून धावत सावित्रीकडे निघून जाते आणि डिसेंबर उजाडेपर्यंत खाचराला बारीक भेगा पडू लागतात. भातामागून जे पेरायचे ते या मोजक्या दिवसांतच पेरावे लागते.

याच दिवसांत महाड आणि बिरवाडीच्या दुकानांत बियाण्यांची पाकिटे टांगलेली दिसतात. पाकिटावर घट्ट पांढरा फ्लॉवर, एकाच मापाचे लालबुंद टोमॅटो, हातभर लांब गाजरे. आणि घराच्या माळ्यावर, राखेत घोळवून ठेवलेल्या डब्यात, सासूने सुनेच्या हाती दिलेले कडवे वाल असतात. महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला, खरे तर इथल्या शेतकरीण बाईला, दरवर्षी या दोन्हींमधून निवड करावी लागते. ‘बाईला’ म्हणण्याचे कारण आहे. या दोन तालुक्यांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या वाटेला लागले. गावाकडची शेती आणि परसबाग मागे राहिलेल्या बायांनी सांभाळली. बी कोणते ठेवायचे, कोणत्या शेंगेला हात लावायचा नाही, हे त्यांनीच ठरवले.

शिवथर म्हटले की महाराष्ट्राला घळ आठवते. कुंभे, कसबे आणि आंबे अशी नावे लावणारी शिवथरे या एकाच खोऱ्यात आहेत. बिरवाडीवरून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने निघून बारसगावपाशी आत वळले की डोंगराच्या कुशीत शिरणारी वाट घळीपर्यंत पोहोचते. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये ही घळ शोधून काढली आणि विस्मरणात गेलेली जागा पुन्हा लोकांसमोर आणली. त्याच समर्थांच्या नावावर ‘बाग प्रकरण’ नावाची एक लहानशी रचना आहे. तिच्यात फळझाडे, फुलझाडे, वेली, कंद, भाज्या यांची नावे एकामागून एक येतात. वस्तीभोवती काय काय लावावे याची ती यादीच आहे. घळीजवळचा धबधबा पाहून आणि पोथीला नमस्कार करून परतणाऱ्या भाविकांनी घळीखालच्या खाचरांकडेही वळून पाहायला हवे. लावण्याजोग्या गोष्टींची ती यादी तिथे अजून चालू आहे.

आता थंडीची गोष्ट. ‘हिवाळी भाजी’ या शब्दातला हिवाळा कुठला, हे पाकिटावर लिहिलेले नसते. दिल्लीचा, नाशिकचा आणि महाडचा हिवाळा यांत फार अंतर आहे. शिवथरच्या खोऱ्यात पहाटे धुके उतरते, वालाच्या पानांवर दव थबथबते, शेकोटी पेटते. पण ऊन वर आले की दुपार तिशीच्या पुढे जाते, आणि फेब्रुवारी लागताच महाडात उकाडा सुरू होतो. खरी थंडी म्हणावी अशी सहा-आठ आठवड्यांची, तीही रात्रीची. बी निवडताना पहिला विचार याचाच करायला हवा.

फ्लॉवरचे उदाहरण घेऊ. स्नोबॉल गटातल्या उशिराच्या वाणांना गड्डा धरायला 10 ते 16 अंशांच्या आसपासचे तापमान लागते. ते बी महाडात लावले तर पाने जोमदार येतात आणि गड्डा सुटा, केसाळ, भाताच्या शितांसारखा फुटका निघतो. बाई म्हणते, बी खोटे निघाले. बी खोटे नसते, ते चुकीच्या थंडीसाठी घेतलेले असते. लवकरच्या गटातले पुसा कातकी किंवा पुसा दीपालीसारखे वाण यापेक्षा बरीच ऊब सोसतात. कातकी हे नावच कार्तिक महिन्यावरून आले आहे.

या लवकरच्या वाणांचा इतिहास मुळापासून सांगण्यासारखा आहे. फ्लॉवर हे भूमध्य समुद्राकाठचे पीक. भारतात ते 1822 मध्ये आले. सहारनपूरच्या कंपनीबागेत डॉ. जेमसन यांनी ते प्रथम लावले, अशी नोंद आहे. इंग्लंडहून आलेले ते बी थंड हवेचे होते आणि उत्तर भारताच्या मैदानात त्याला बी धरणे मुश्कील होते. तरीही तिथल्या माळ्यांनी ते सोडले नाही. जी दोन-चार झाडे उन्हाला टिकली, ज्यांनी मैदानातच फुले आणि बी धरले, त्यांचेच बी त्यांनी पुन्हा पेरले. असे वर्षानुवर्षे चालले आणि शंभर-सव्वाशे वर्षांत भारतीय फ्लॉवर हा एक वेगळाच, ऊब सोसणारा गट तयार झाला. विष्णू स्वरूप आणि चटर्जी या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये या गटाचा उगम नीट मांडला. उष्ण देशांतल्या फ्लॉवर पैदाशीत आज हे भारतीय रक्त वापरले जाते. ज्या माळ्यांनी ते घडवले त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

मिरची, टोमॅटो, बटाटा हीसुद्धा सगळी कधीतरी नवीन बियाणीच होती. बटाटा हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेली मिरची घाटावर चढून कोल्हापुरी झाली, सोलापुरी झाली, कर्नाटकात ब्याडगी झाली. म्हणून नव्या बियाण्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. नवे बी आणावे, जरूर आणावे. प्रश्न इतकाच की आणलेले बी इथल्या मातीशी जुळवून घेईल अशी संधी आपण त्याला देतो का, की दरवर्षी नवे पाकीट फोडून तो हिशेब दुकानदारावर सोपवतो.

इथल्या मातीचे एक दुखणे मुळ्यापासून वांग्यापर्यंत भाजी करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे, ते म्हणजे मर. वांग्याचे किंवा टोमॅटोचे झाड फुलावर असते, आदल्या संध्याकाळी ताठ उभे असते आणि दुसऱ्या दुपारी हिरवे असतानाच मान टाकते. पाणी घातले तरी उठत नाही. कोकणच्या तांबड्या, आम्लधर्मी, ओलसर जमिनीत राहणाऱ्या जिवाणूचा हा प्रताप आहे. ओळखायची रीत सोपी आहे. मेलेल्या झाडाचे खोड आडवे कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभे धरायचे. थोड्या वेळात कापातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरला, तर ती जिवाणूजन्य मर आहे. यावर फवारणीचा उपयोग जवळपास होत नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो आणि पाण्याबरोबर एका वाफ्यातून दुसऱ्यात जातो. इथे इलाज बियाण्यातच शोधावा लागतो.

तो शोध लागलेला आहे, आणि इथल्या दुकानातल्या पाकिटांवर त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो, म्हणून नावे सविस्तर सांगायला हवीत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मर सोसणारी वांगी काढली. अर्का निधी, अर्का केशव आणि अर्का नीलकंठ ही सरळ वाणाची, म्हणजे ज्यांचे बी घरी धरता येते अशी आहेत. अर्का आनंद हे संकरित आहे. टोमॅटोत अर्का आभा आणि अर्का आलोक ही सरळ वाणे मर सोसतात. 2010 च्या सुमाराला आलेले अर्का रक्षक हे संकरित वाण मर, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकरचा करपा या तिन्हींना तोंड देते. मराठवाड्यात किंवा नाशिकात टोमॅटो निवडताना बाजारातली मागणी, साल आणि टिकाऊपणा आधी पाहतात. महाड-पोलादपूरकरांनी ‘मर सोसते का?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे.

दूरच्या देशांनी याच दुखण्यावर आणखी एक वाट काढली. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने मर सोसणारी काही वांगी हेरली. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाचा शेंडा त्या वांग्याच्या खुंटावर कलम करायचा, म्हणजे खाली वांगे आणि वर टोमॅटो. वांग्याचे मूळ मरला दाद देत नाही आणि काही दिवस साचलेल्या पाण्यातही तग धरते. फिलिपिन्स आणि व्हिएतनामच्या पावसाळी भागांत ही पद्धत चालते. आंब्या-काजूची कलमे बांधण्यात कोकणचा हात आधीच बसलेला आहे. रोपांच्या कलमाला वेगळी निगा लागते, ओलसर सावली लागते, पण हे कसब इथल्या तरुणांनी शिकण्यासारखे नक्की आहे.

घराजवळचा आधार म्हणजे दापोलीचे कृषी विद्यापीठ. 1972 मध्ये ते स्थापन झाले आणि आज डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. कोकणची हवा आणि कोकणची माती डोळ्यांसमोर ठेवून त्याने भाज्यांची वाणे काढली. वालात कोकण भूषण, चवळीत कोकण सदाबहार, कारल्यात कोकण तारा, शिराळ्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, माठात कोकण दुरंगी, मिरचीत कोकण कीर्ती. रायगड जिल्ह्यात विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे आहे आणि भाताचे संशोधन केंद्र कर्जतला. परराज्यातल्या पाकिटाकडे वळण्याआधी या वाणांची चौकशी करणे हा साधा व्यवहार आहे. विद्यापीठाचे बी दरवेळी आणि हव्या तेवढ्या प्रमाणात मिळेलच असे नाही. त्यासाठी भाताची लावणी उरकली की ऑगस्टमध्येच मागणी नोंदवून ठेवावी. दिवाळीला जागे होऊन धावपळ करण्यात हंगामाचे पंधरा दिवस जातात, आणि ओल पंधरा दिवस थांबत नाही.

ओलीचा विषय निघाला की एक गोष्ट लक्षात येते. हिवाळी भाजीच्या बियाण्याची निवड खरे तर जूनमध्येच होते, भाताचे बी निवडताना. हळवे भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार होते, निमगरवे त्यानंतर, आणि गरवे नोव्हेंबरपर्यंत खाचर अडवून बसते. ज्या खाचरात भातामागून वाल किंवा भाजी घ्यायची तिथे हळवे भात लावले, तर तीन-चार आठवड्यांची ओल हाती लागते. या तीन-चार आठवड्यांचे मोल फवाऱ्याच्या आणि पंपाच्या हिशेबात मांडून पाहावे. खोलगट, पाणथळ खाचरात गरवे आणि वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे ही जुन्या जाणत्यांची विभागणी होती. तिच्यात भातामागच्या पिकाची सोयही दडलेली होती.

आणि भातामागचे इथले खरे पीक म्हणजे वाल. रायगड जिल्ह्याची ओळख किल्ल्याइतकीच वालाशी बांधलेली आहे. भात कापले की जमीन न नांगरता, धसकटांच्या मधल्या जागेत काठीने भोक पाडून दोन-दोन दाणे टोकायचे आणि मातीने झाकायचे. पुढे पाणी नाही, खत नाही. खालची ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर हे पीक निघते. वालाचे मूळ खोल जाते आणि मुळावरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात. त्याचा फायदा पुढच्या पावसाळ्यात भाताला होतो. इतक्या कमी मागण्या असलेले आणि इतके परत देणारे दुसरे हिवाळी पीक या खोऱ्यात नाही.

कडव्या वालाची ती किंचित कडसर चव हे त्याचे भूषण आहे. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, मग बिरडे करायचे. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडे मीठ, वर पुन्हा पाला. मडके पालथे घालून भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ. शेजारी-पाजारी, मुंबईहून शनिवार-रविवार गाठून आलेली मुले, सगळे त्या जाळाभोवती बसतात. पोपटीला चव येते ती शेतातल्या ताज्या शेंगेने, आणि त्या शेंगेची जात त्या गावची असते.

देशी वाल दिवस लहान झाले की फुलतो. दिवस मोठे असताना पेरला तर वेल नुसता माजतो आणि फुलावर येत नाही. शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून दिवसाच्या लांबीकडे न पाहणारी बुटकी वाणे काढली. बेंगळुरूची अर्का जय आणि अर्का विजय ही त्यातली. हिरव्या शेंगेच्या भाजीसाठी, विकण्यासाठी, वर्षात केव्हाही लावायला ती सोयीची आहेत. त्यांना पाणी मात्र द्यावे लागते. विहीर किंवा बारमाही पऱ्ह्या जवळ असेल तिथे परसात दोन वाफे या नव्या वाणाचे करावेत. खाचरात, नुसत्या ओलीवर मात्र घरचा कडवा वालच टोकावा. दोन्हींची जागा वेगळी आहे, आणि एकाने दुसऱ्याला हुसकावण्याची गरज नाही.

घाटाच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्याचे मोल जगाला दाखवले. महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावठी वाणांचे बी घरात जमवले. बायफ संस्थेच्या साथीने बीज बँक उभी केली. 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ हे नाव त्यांना डॉ. रघुनाथ माशेलकरांनी दिले. त्यांच्या संग्रहात वालाचे जेवढे प्रकार आहेत तेवढे एखाद्या शहरी माणसाने आयुष्यात पाहिलेले नसतात. काळे, पांढरे, तांबडे, ठिपक्यांचे. महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांतून, कातकरी वाड्यांतून असे किती प्रकार आजही आहेत याची घरोघर जाऊन मोजणी व्हायला हवी. शाळांनी हे काम एका सहामाहीचा प्रकल्प म्हणून घेतले तरी मोठी गोष्ट होईल.

याच जिल्ह्यातला दुसरा धडा अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा आहे. हाही भातामागून घेतला जाणारा कांदा, गोडसर, माळेत गुंफून विकला जाणारा, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याचे बी शेतकरी स्वतः तयार करतात. चांगले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे येऊ द्यायचे आणि त्यावरचे काळे बी धरायचे. कांद्याच्या बियाण्याला दोन गोष्टी मानवत नाहीत. एक म्हणजे म्हातारपण. कोकणच्या दमट हवेत वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचे बी कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दुसरे म्हणजे शेजार. कांद्याच्या फुलांवर माश्यांची ये-जा असते, जवळ लाल कांदा फुलावर असला की पुढच्या वर्षी पांढऱ्यात लाल निघतो. अलिबागकरांनी पिढ्यान् पिढ्या हा शेजार सांभाळला म्हणून कांदा पांढरा राहिला.

वेलभाज्यांचेही तसेच आहे, आणि तिथे एक इशारा द्यायला हवा. दुधी, काकडी, शिराळी यांची फुले कीटकांवर अवलंबून असतात, त्यामुळे परसात धरलेले बी शेजारच्या वेलाशी मिसळलेले असू शकते. अशा वेलाला कडू फळ लागू शकते, म्हणून दुधीचा लहानसा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर तो फेकून द्यावा, शिजवू नये, त्याचा रस तर मुळीच काढू नये, आणि त्या वेलाचे बी धरू नये. कडू दुधीतली द्रव्ये पोटात गेली तर जिवावर बेतू शकते.

मग पाकिटातले काय घ्यावे? पालेभाज्या बिनधोक. लाल माठ इथला घरचाच. मेथी आणि कोथिंबीर तर किराणा दुकानातल्या दाण्यावरही होतात, फक्त धणे पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन दले करून घ्यावेत. मुळ्यात ऊब सोसणारा पुसा चेतकी या हवेला बरा, पुसा हिमानी थंड प्रदेशाचा. पालकाला रात्रीचा गारवा पुरतो. गाजराला खोल, भुसभुशीत माती लागते आणि भाताच्या चिखलणीने आवळलेल्या खाचरात ते वाकडे-तिकडे, फाटे फुटलेले निघते. गाजराचा हट्ट असेल त्यांनी परसात शेणखत मिसळलेला उंच वाफा करावा.

पाकीट घेताना चित्र पाहण्याआधी ते उलटे करून मागची बाजू वाचावी. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते, सत्यदर्शक बियाण्याला हिरवट. लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणशक्ती छापलेली असली पाहिजे. टोमॅटो आणि वांग्याच्या बियाण्याची किमान उगवण 70 टक्के, भेंडीची 65 आणि मिरचीची 60 टक्के धरलेली आहे. म्हणजे मिरचीचे शंभर दाणे पेरून पासष्ट उगवले तर फसवणूक झालेली नाही. तीस उगवले तर दाद मागण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी पावती, रिकामे पाकीट आणि त्यातले थोडे उरलेले बी काढणीपर्यंत जपून ठेवावे लागते. रंग लावलेले बी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि उरले तर कोंबड्यांना टाकू नये.

टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे दाणे असतात. दहा ग्रॅमचे पाकीट म्हणजे तीन हजार रोपांचा ऐवज. परसबागेला वीस रोपे पुरतात. तेव्हा वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक पाकीट टोमॅटोचे, एक वांग्याचे, एक मिरचीचे घ्यावे, एकाच अंगणात रोपवाटिका करावी आणि रोपे वाटून घ्यावीत. खर्च वाटला जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकच वाण सहा वेगवेगळ्या मातींत लागून पाहिले जाते. कुणाकडे मेले, कुणाकडे तगले, हे शिमग्यापर्यंत वाडीला कळते. संशोधन केंद्रात ज्याला चाचणी म्हणतात ती हीच.

संकरित बियाण्याबद्दल एक गैरसमज आहे की त्याचे बी पुन्हा उगवतच नाही. उगवते. पण पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे फुटतात. कुणी उंच, कुणी बुटके, कुणाला फळ मोठे, कुणाला बोराएवढे. विक्रीसाठी सारखा माल हवा तर संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागणार, हे गृहीत धरूनच ते निवडावे. घरच्या खाण्याला आणि बी राखायला सरळ वाण बरे. या देशातल्या खासगी बियाणे उद्योगाची सुरुवातही सरळ वाणानेच झाली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी भेंडीचे बी तयार करून विकण्यापासून आरंभ केला, 1964 मध्ये महिको स्थापन केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, विकण्याचासुद्धा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाचे पाकीट करून विकता येत नाही, एवढीच अट. म्हणजे बाजारात टोपलीत कडवे वाल घेऊन बसलेली बाई कायद्याने पूर्ण सुरक्षित आहे. हे तिला कुणीतरी सांगितले पाहिजे.

इतके सगळे जमूनही हिवाळी भाजी फसते ती दोन कारणांनी. पहिले, मोकाट गुरे. भात निघाले की गुरे सोडून द्यायची ही कोकणची जुनी रीत. सगळे शिवार रिकामे असायचे तेव्हा ती खपली. आज एखाद्या घरानेच भाजी केली तर रात्रीत सगळे फस्त. दिवसा वानरे, रात्री रानडुकरे ही भर वेगळी. एकट्याचे कुंपण पुरत नाही. ज्या वाड्यांनी मिळून ठरवले की होळीपर्यंत गुरे बांधून राखायची, तिथेच वाल आणि भाजी उभी राहते. दुसरे, पाणी. नोव्हेंबरात पऱ्ह्या वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घातला, तर फेब्रुवारीपर्यंत परसाला पाणी पुरते. चाळीस-पन्नास माणसांचा एका दिवसाचा घाम आहे हा. सुट्टीत गावी आलेल्या मुंबईकरांनी त्यात हात घालावा.

22 जुलै 2021 चा दिवस महाड तालुका विसरू शकत नाही. तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर इथेही दरडी आल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेले. माणसे गेली त्या दुःखापुढे बाकी काही बोलवत नाही. पण मागे राहिलेल्यांना पुन्हा उभे राहायचे असते, पेरायचे असते, आणि अशा वेळी घराबरोबर माळ्यावरचे बीही गेलेले असते. दरडीच्या आणि पुराच्या या मुलखात बी एकाच घरात ठेवू नये. आपल्या वालाची एक पिशवी माहेरी, एक दुसऱ्या वाडीतल्या जावेकडे, एक मुंबईच्या खोलीवर असावी. जुन्या बाया लेकीला सासरी पाठवताना ओटीबरोबर मूठभर बी द्यायच्या, त्यातून हेच साधले जायचे.

बी धरण्याची रीत अवघड नाही. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. उन्हात दोन-तीन दिवस वाळवून दाणा दाताखाली घ्यावा. कटकन फुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवे. मग चाळलेली राख चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, राखेने भुंगा रोखला जातो. डब्यावर साल, गाव, खाचराचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत आणि उगवलेले मोजावेत.

एक चूक मात्र घरोघर होते. चांगल्या शेंगा आधी खाल्ल्या जातात, उरल्यासुरल्या शेवटच्या शेंगांचे बी धरले जाते. दरवर्षी कमजोर झाडांचे बी पुढे जाते आणि मग वाल बिघडला म्हणून हळहळ होते. म्हणून या जानेवारीत पोपटीचे मडके भरायच्या आधी खाचरात एक फेरी मारा. ज्या वेलींना शेंगा लवकर आणि भरदार धरल्या आहेत, ज्यांच्यावर मावा नाही, अशा वीस-पंचवीस वेलींना जुन्या लुगड्याची चिंधी बांधा आणि घरातल्या पोराटोरांना सांगा, त्या चिंधीच्या वेलींना कुणी हात लावायचा नाही.